फळीवरची नळी

भिंतीपलीकडून इंजिनाचा आवाज येत होता आणि तो बदलत नव्हता. हात्सुएची सुई हातातल्या हातात थांबली ती त्यामुळेच.

तसा आवाज काही मोठा नव्हता. कालपर्यंत याच इंजिनानं सगळी गल्ली डोक्यावर घेतली होती. आज तो दबून, गोधड्यांखालून यावा तसा येत होता. जेवणं आटोपल्यावर तो सुरू झाला तेव्हा हात्सुएला बरंच वाटलं होतं. पोरानं शब्द पाळला म्हणायचा, असं मनात म्हणून ती शिवणकाम घेऊन बसली. तेव्हा आवाज चढत होता, उतरत होता, मध्येच अडखळून पुन्हा सावरत होता. कोणीतरी स्क्रू पिळतंय, कान देतंय, पुन्हा पिळतंय, हे भिंतीतून कळत होतं. आता बराच वेळ झाला, तो चढला नव्हता की उतरला नव्हता. एकाच सुरात नुसती घरघर चालली होती.

हात्सुएची साठी आली, आणि ती सगळी क्योतोच्या या विणकरांच्या गल्लीत गेली. पूर्वी घराघरात हातमाग होते. कोण विणतंय, कोण चहाला उठलं, कोणाचा धागा तुटला, हे तिला लहानपणापासून भिंतीला कान न लावताही समजायचं. मागाचं बरं असतं. हात थांबला की माग थांबतो. इंजिनाला मात्र हात थांबल्याचं कळत नाही. हे तिच्या मनात आलं.

"काहीतरीच बाई," ती स्वतःशीच म्हणाली आणि पुढचा टाका घातला. तो वाकडा पडला.

पलीकडे राहतो तो रेन्जी. नूडल्सच्या कारखान्यात कामाला असलेला, तिशी नुकतीच ओलांडलेला माणूस. मूळचा जपानच्याच दक्षिणेकडच्या कोचीचा, समुद्राकाठचा, त्यामुळे बोलणं मोठ्यानं आणि हसणं त्याहून मोठ्यानं. त्याची बायको माकि पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली होती, डोंगरापलीकडे मियाझूला. निघताना तिनं हात्सुएचे दोन्ही हात धरले होते.

"काकू, याच्याकडे लक्ष ठेवा हं. गाडीच्या नादाला लागला की जेवायचंसुद्धा भान नसतं."

"तू निर्धास्त जा. माझे कान आहेत की भिंतीला," हात्सुए म्हणाली होती.

ती गाडी म्हणजे दोन सिलिंडरची एक जुनी मोटारसायकल. रेन्जी तिला घरातच ठेवायचा, मागच्या मागखोलीत. या घरांमध्ये मागासाठी म्हणून एक मातीच्या जमिनीची, जराशी खोलगट खोली असते. माग मोडीत गेला आणि त्याच्या जागी गाडी आली. हात्सुएला त्या गाडीची पहिल्यापासून धास्ती. मागच्याच आठवड्यात माकिला भेटायला जाताना ती घाटातल्या बोगद्यात बंद पडली आणि मागून ट्रक आला. रेन्जीनं हे हसत हसत सांगितलं, पण सांगताना त्याचे हात गुडघ्यांवर घट्ट धरलेले होते.

दुसऱ्या दिवशी तो तिच्या दारात आला.

"काकू, तुमची ती किमोनो ताणायची फळी वापरात आहे का हो?"

किमोनो उसवून, धुऊन, खळ लावून वाळत घालायची लांब फळी हात्सुएकडे तिच्या आईपासूनची होती. हल्ली किमोनो कोण घरी धुतं? ती न्हाणीघराशेजारी उभी होती.

"तुला कशाला रे फळी? गाडीला किमोनो शिवतोस की काय?"

"मॅनोमीटर करायचाय."

"काय करायचंय?"

रेन्जी उंबऱ्यावरच बसला. "हे बघा. गाडीला कार्बोरेटर दोन. दोन नाकपुड्या समजा. एक जोरात ओढते, दुसरी चोंदलेली. म्हणून ती थरथरते आणि गाडी थांबली की बंद पडते. दोघींचं ओढणं सारखं करायचं, पण ओढणं डोळ्यांना दिसणार कसं? तर फळीवर पारदर्शक नळी लावायची, खाली नेऊन वळवायची आणि परत वर आणायची. अर्धी भरायची. एक टोक या कार्बोरेटरपाशी, एक त्या. जी जास्त ओढेल तिच्या बाजूला पाणी वर चढेल. मग स्क्रू फिरवत बसायचं, दोन्ही बाजू एका रेषेत येईपर्यंत. झालं!"

"हे विकत मिळत नाही होय?"

"मिळतं ना. पण त्यात पारा असतो. इंजिनानं ओढला किंवा सांडला तर घरभर विष. बाळ येणारंय काकू. घरात पारा नको."

हे ऐकून हात्सुएला त्याचं फार कौतुक वाटलं. तिनं फळी दिली. नळी तर नवऱ्याच्या माशांच्या टाकीचीच निघाली. नवरा गेला, मासे गेले, नळी राहिली होती. त्या टाकीच्या हवेच्या पंपाला असायचे ते दोन चिमुकले पितळी कॉकसुद्धा तिनं शोधून काढले. रेन्जीनं फळीवर तारेच्या आकड्यांनी नळी बसवली, आणि तिनं शिवणाचा खडू घेऊन फळीवर आडव्या रेघा मारून दिल्या. रेघा सरळ मारण्यात तिचा हात धरणारा गल्लीत कोणी नव्हता.

पहिला प्रयोग फसला. पाण्याला रंग हवा म्हणून रेन्जीनं माकिच्या लोणच्याच्या बरणीतलं लालभडक पाणी नळीत भरलं. कॉक लावायचं त्याच्या डोक्यात आलं नाही. किल्ली मारल्याबरोबर इंजिनानं सगळं लोणच्याचं पाणी एका दमात पिऊन टाकलं, फाटकन बार काढला आणि पांढऱ्या आंबट धुरानं गल्ली भरली. हात्सुए जीव मुठीत धरून रस्त्यावर धावली. समोरच्या कुझेबाई आधीच बाहेर उभ्या होत्या, बाही नाकाला लावून.

"काय सुरेख वास हो," त्या म्हणाल्या. "लोणच्यांचा हंगाम यंदा लवकर आला वाटतं."

कुझेबाई ऐंशीच्या. गल्लीत त्यांना कोणी कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं, आणि त्या कधी चिडल्या हे कळायला कोणाला वेळही लागत नव्हता. रेन्जी नवीन राहायला आला तेव्हा त्याला त्या म्हणाल्या होत्या, "तुमचं हसणं किती मोकळं आहे हो, थेट माझ्या देवघरापर्यंत येतं." भोळा गडी! तो खूश झाला आणि आणखीच मोठ्यानं हसायला लागला. शेवटी माकिनं त्याला घरात बसवून अर्थ समजावला. त्या दिवसापासून रेन्जी या गल्लीतल्या कौतुकाला विंचवासारखा घाबरायचा.

लोणच्यानंतर नळीत तेल आलं. इंजिनानं ओढलंच तर निदान जळून तरी जाईल. दोन्ही टोकांना पितळी कॉक लागले, जेमतेम उघडे ठेवायचे, म्हणजे तेल उसळणार नाही. आणि मग सुरू झाला आवाज. कारखान्याची पाळी संपवून तो यायचा, गाडी गल्लीत उभी करायचा, फळी भिंतीला टेकवायचा आणि गाडी पिळत बसायचा. खिडक्यांच्या काचा थरथरायच्या.

आज सकाळी कुझेबाई आपल्या दारापुढचं झाडत होत्या. इथल्या रीतीप्रमाणे शेजाऱ्याच्या हद्दीतलं हातभर झाडायचं, जास्त नाही आणि कमीही नाही. झाडता झाडता त्या हात्सुएजवळ आल्या.

"हात्सुए-सान, तुमच्या शेजारची गाडी अगदी ठणठणीत झाली हो. मला अंथरुणात पडल्या पडल्या कळतं. या वयात झोप हवी कोणाला म्हणा."

म्हणजे हे आता हात्सुएनं पोचवायचं होतं. तिनं पोचवलं. रेन्जी दाराशीच भेटला. एरवी ती त्याला अरे-तुरे करायची.

"रेन्जी-सान, काय दमदार गाडी आहे हो तुमची," ती म्हणाली. "सगळ्या गल्लीला जाग असते हल्ली."

'रेन्जी-सान' आणि 'तुमची' ऐकूनच त्याचा चेहरा उतरला. पुढचं ऐकायची गरजही उरली नव्हती. तो कमरेत वाकला, उठला आणि पुन्हा वाकला.

"चुकलं काकू. फार चुकलं. आज कोणालाही त्रास होणार नाही. सगळ्यांना सांगा, आज आवाज बाहेर येणार नाही."

"अहो, मी कुठं तसं म्हटलं?" हात्सुए म्हणाली. असंच म्हणायचं असतं. आणि ती खुशीत मुळा आणायला गेली. कसं गोडीत काम झालं!

संध्याकाळी भिंतीपलीकडं काहीतरी ओढल्याचे, दार लोटल्याचे, ठोकल्याचे आवाज आले होते. तेव्हा ते तिच्या कानावर पडले, पण डोक्यात शिरले नाहीत. आता शिरले. रेन्जी मागखोली बंद करत होता. फटींत रजया कोंबत होता.

इंजिनाची घरघर तशीच चालली होती.

हात्सुएनं चष्मा काढून कानशिलं दाबली. तिचं डोकं मघापासून दुखत होतं. तिनं ते शिवणकामावर ढकललं होतं. आता जीभ कोरडी पडली होती, मळमळत होतं, आणि नाकाला काहीतरी वेगळंच लागत होतं. तिनं भिंतीकडं पाहिलं. दोन घरांत मिळून असलेली जुनी मातीची भिंत. तिच्या तळाशी एक फट होती, उंदरांसाठी हात्सुएनं कागद कोंबलेली. ती गुडघ्यांवर रांगत गेली आणि कागद ओढून काढला. जळक्या पेट्रोलचा उबदार वास थेट तोंडावर आला.

तिला आकी आठवली.

आकी तिची थोरली बहीण. हात्सुए तेव्हा लहान होती. कडाक्याची थंडी होती आणि आकीनं मागखोलीत कोळशाची शेगडी नेली होती. ऊब जाऊ नये म्हणून दार लावून घेतलं होतं. मागाचा आवाज थांबला तेव्हा आई म्हणाली, दमली असेल, पडू दे जरा. ती पडू देण्याची वेळ फार लांबली. दार उघडलं तेव्हा कोळशाच्या कोंडलेल्या विषारी वायूनं आकी गेलेली होती, आणि तिचे गाल लालबुंद होते. बघायला आलेल्या बायका म्हणत होत्या, किती तजेलदार दिसते पोर. त्यानंतर आई मरेपर्यंत एकच सांगत राहिली: डोकं दुखलं की आधी खिडकी उघड, मग बाकीचं.

हात्सुएनं खिडकी उघडली. थंड हवा आत आली. आणि ती तिथंच उभी राहिली.

आता इथं तुम्ही-आम्ही म्हणू, अगं बाई, उभी काय राहतेस, पळ! पण सकाळीच एकदा त्या माणसाच्या दारात जाऊन तिनं तक्रार केली होती. त्याच दिवशी पुन्हा जाऊन दार ठोठवायचं? बिचारा रजया कोंबून, घाम गाळून आवाज दाबतोय आणि तरीही ही दारात हजर! त्यानं तोंड कुठं लपवायचं? आणि आत तो नुसता स्क्रू पिळत बसलेला असला तर? डोकं हा असला हिशेब करत होतं. रिकाम्या हातांनी तर मुळीच जायचं नाही. काहीतरी निमित्त हवं.

मुळा होता. सकाळीच शिजवलेला. ती स्वयंपाकघरात धावली आणि एक वाडगा काढला. त्याची कड उडालेली होती. कड उडालेल्या वाडग्यातून शेजारी कोणी काही देतं का? दुसरा काढला, त्याला झाकण नव्हतं. झाकण फडताळात सापडेना, आणि भिंतीपलीकडं घरघर चाललीच होती. तरीही तिनं झाकण शोधलं. वाडग्याची कडा फडक्यानं पुसली. इतकी वर्षं हात तेच करत आले होते आणि या घडीलाही तेच करत होते. कोणी थोबाडीत मारून तिला थांबवायला हवं होतं, पण घरात ती एकटीच होती.

रेन्जीच्या दारापुढं उभं राहून तिनं हाक मारली. हळू आवाजात, गोड. "आहे का घरात?"

समोरची जाळीची खिडकी सरकली.

"काय झालं हो, हात्सुए-सान?" कुझेबाईंचा आवाज आला.

आणि हात्सुएच्या तोंडून काय निघावं? "काही नाही हो. जरा मुळा शिजवला होता."

"वा वा. छान." खिडकी सरकून बंद झाली.

घशापर्यंत आलेली किंकाळी हात्सुएनं परत गिळली होती. स्वतःचाच असा संताप तिला आयुष्यात कधी आला नव्हता. तिनं दार सरकवलं आणि आत शिरली. पुढच्या दारापासून मागच्या बाजूपर्यंत जाणारी अरुंद, बोळासारखी ओसरी, तिच्यातच चूल, मोरी आणि माकिचं लोणच्याचं पिंप. वास इथंही होता. ओसरीच्या टोकाला मागखोलीचं दार, वरच्या अर्ध्या भागात दुधी काच. काचेआड पिवळा दिवा दिसत होता. माणूस दिसत नव्हता.

"रेन्जी!"

घरघर.

"रेन्जी! अरे ए रेन्जी!"

तिनं दार ढकललं. ते हललंसुद्धा नाही. आतून कडी होती आणि फटीफटींतून रजयांची टोकं बाहेर आली होती. माकिची ती निळ्या बगळ्यांची, लग्नातली रजई तिनं ओळखली. वाडगा हातातून कधी पडला ते तिला कळलं नाही. ती दोन्ही मुठींनी दार बडवत होती, नाव घेत होती, आणि आतून फक्त ते इंजिन उत्तर देत होतं.

लोणच्याच्या पिंपावर दगड होता. मुळे दाबून ठेवायचा, दोन्ही हातांनी उचलायचा गोल दगड. तो तिनं कसा उचलला, देव जाणे. तिनं तो छातीपर्यंत नेला आणि काचेत घातला.

काच फुटली आणि आतून करडी, गरम हवा तिच्या तोंडावर आली.

"कुझे-साऽऽन!" हात्सुए ओरडली. असं ती कधी कोणावर ओरडली नव्हती. बाळंतपणातही नाही, नवरा गेला तेव्हाही नाही. "कुझे-सान! धावा! माणूस मरतोय!"

फुटक्या काचेतून हात घालून तिनं कडी चाचपली. काच दंडात घुसली. कडी निघाली. तिनं श्वास कोंडला, खांद्यानं दार रेटलं आणि रजयांच्या ढिगावरून आत पडली.

रेन्जी गाडीशेजारी कुशीवर पडला होता, गुडघे पोटाशी घेऊन. स्क्रूड्रायव्हर अजून हातात होता. समोर भिंतीला तिच्या आईची फळी टेकलेली होती आणि फळीवरच्या नळीत दोन्हीकडचं तेल तिच्या खडूच्या एकाच रेघेवर होतं. तसूभरही खालीवर नाही. जमलं होतं त्याला. ते जमल्याचं पाहायला तो शुद्धीवर होता की नाही, कोणास ठाऊक.

इंजिन बंद कसं करतात हे तिला माहीत नव्हतं. किल्ली कुठं असते तेही माहीत नव्हतं. तिला या सगळ्यातली फक्त नळी माहीत होती, कारण ती तिच्या घरची होती. तिनं दोन्ही टोकं मुठीत धरून उपटली. उघड्या भोकांतून हवा आत शिरली, इंजिनानं फुसकारा टाकला, गाडी गदगदली, दोनदा खोकली आणि बंद पडली.

मग जी शांतता झाली तिनं हात्सुएची पाचावर धारण बसली.

तिनं त्याच्या काखेत हात घातले. माणूस जड असतो, पण निपचित माणूस किती जड असतो ते त्या दिवशी तिला कळलं. कोंडलेला श्वास सुटला, पुन्हा घेतला, आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. आता आपणही इथंच पडणार, असं तिला स्वच्छ वाटलं. तेवढ्यात कोणीतरी रेन्जीचे पाय उचलले. कुझेबाई होत्या. नुसत्या मोज्यांवर, परक्याच्या मातीच्या जमिनीवर, केस सुटलेले.

"ओढा!" कुझेबाई म्हणाल्या. "बघत काय बसलात, ओढा!"

त्यांनी त्याला फरफटत ओसरीतून नेलं. मुळ्याच्या फोडींवरून कुझेबाईंचा पाय घसरला, त्या गुडघ्यावर आपटल्या, पण पाय सोडले नाहीत. उंबऱ्यावर त्याचं डोकं आपटलं. मग दगडी गल्ली, थंड हवा आणि वरून भुरभुरणारा बारीक बर्फ.

हात्सुएनं त्याचा चेहरा आपल्याकडं वळवला. त्याचे गाल लाल होते. छान, टवटवीत लाल.

"नाही," ती म्हणाली. "नाही, नाही, नाही."

"श्वास आहे का?" कुझेबाईंनी विचारलं.

"मला कळत नाही!"

"मी फोन करते. तुम्ही त्याला हलवा. मारा, काहीही करा!" आणि त्या लंगडत धावल्या.

हात्सुएनं त्याची बटणं तोडली. त्याच्या छातीवर कान ठेवला, पण तिच्या स्वतःच्याच रक्ताचा आवाज कानात इतका होता की दुसरं काही ऐकू येईना. ज्या कानांची तिनं माकिला फुशारकी मारली होती, ते आज नेमके दगा देत होते. तिनं त्याच्या गालावर चापट मारली. जोरात मारली. माकिचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढं आला, मोठ्या पोटाची माकि, आणि काय सांगायचं तिला? मी त्याला गोड बोलून गप्प केलं? हात्सुए मोठ्यानं रडत होती आणि मारत होती.

"ऊठ रे! ऊठ मेल्या! बाळाचं तोंड बघायचंय ना तुला? ऊठ!"

दारं उघडत होती, लोक जमत होते. कोणीतरी घोंगडी आणली. हात्सुएनं ती ढकलली, आधी हवा लागू दे म्हणाली. आणि मग रेन्जीच्या घशात काहीतरी घरघरलं. त्याची छाती उचलली गेली, खाली बसली, पुन्हा उचलली गेली. त्यानं कुशीवर होऊन ओकारी काढली, ती तिच्याच मांडीवर. इतकं सुंदर काही तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

लांबून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू यायला लागला. रेन्जीनं डोळे किलकिले केले. आधी आकाशाकडं पाहिलं. मग भोवती जमलेल्या सगळ्या गल्लीकडं पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर भीती पसरली. त्याचे ओठ हलले. हात्सुएनं कान त्याच्या तोंडाशी नेला.

"काकू," तो म्हणाला. "आवाज... बाहेर आला का हो?"

कुझेबाई परत येऊन शेजारी उकिडव्या बसल्या होत्या. त्यांच्या तोंडून सवयीनं लगेच निघालं, "छे हो, अजिबात नाही. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही." आणि आपण काय बोललो ते कळून त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

"आला," हात्सुए म्हणाली. तिचा आवाज चिरकला, तरी तिनं तो खाली घेतला नाही. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. "आला रे बाबा! मला आला. म्हणून तर तू आहेस!"

"माफ करा," रेन्जी पुटपुटला, आणि पडल्या पडल्याच मान लववायला लागला.

हात्सुएनं रक्तानं माखलेल्या हातानं त्याचं कपाळ घट्ट धरून ठेवलं. तिनं त्याला मान लववू दिली नाही.